कायमचे परदेशी जाण्याआधी : बडोद्यातील एका निवृत्ती-सल्ला सेवेचे परीक्षण

निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या आईवडिलांना पैशांच्या बाबतीत सल्ला देणारी कार्यालये बडोद्यात आता अलकापुरीपासून गोत्रीपर्यंत जागोजागी दिसतात. त्यांपैकी एका कार्यालयाची सेवा मी आणि माझ्या यजमानांनी पूर्ण फी भरून घेतली. ही सेवा काही बाबतींत उत्तम आहे, काही बाबतींत अपुरी आहे, आणि तिच्यातला एक सल्ला तर आमच्यासारख्यांना फार महागात पडू शकेल, असे माझे मत झाले आहे. कार्यालयाचे नाव देत नाही. तक्रारीचा जो भाग आहे तो या व्यवसायाच्या एकूण पद्धतीतच आहे, हे इतर दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांशी बोलताना माझ्या लक्षात आले, आणि एकट्या त्यांनाच दोष देणे न्यायाचे होणार नाही.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे आकडे कोणत्या घराचे आहेत ते कळेल. मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले; माझ्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला आहे. यजमान नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात होते. त्यांची ईपीएसची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी, पेन्शन काही हजारांची आहे आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. बाकीची भिस्त मुदत ठेवी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना, थोडे म्युच्युअल फंड आणि कारेलीबागेतील राहते घर यांवर आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो आणि अमेरिकेचा नागरिक आहे. नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी वार्षिक कोट्याची रांग नसते, त्यामुळे "आई, तुम्ही दोघे आता इकडेच या" हा त्याचा आग्रह दरवर्षी वाढत चालला आहे. त्याच्या मनात काही किंतु नाही आणि सूनबाईही तितक्याच मनापासून बोलावते. तरीही आमचा खर्च तिकडे नेमका किती होईल आणि तो कोणाच्या पैशातून होईल, हे एकदा जाणकाराकडून कागदावर मांडून घ्यावे, असे आम्हा दोघांना वाटले.

फी अठरा हजार रुपये आणि वर जीएसटी. त्यात कागदपत्रांची छाननी, लेखी अहवाल आणि अहवालावरची सविस्तर चर्चा एवढे येते. प्रत्यक्ष विवरणपत्र भरणे किंवा पैसे पाठवण्याचे फॉर्म भरणे याचे वेगळे पैसे पडतात. आमचे काम एका तरुण सीएकडे होते. मुलगा मराठी, दांडिया बाजारातला, बोलायला नम्र आणि ऐकून घेणारा. पासबुके, ठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, घराचा दस्त आणि पासपोर्टची प्रत त्याने आधीच मागवून घेतली होती, आणि आम्ही गेलो तेव्हा त्याने ते सगळे खरोखर वाचलेले होते. या व्यवसायात हे गृहीत धरता येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

या सेवेचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे निवासी आणि अनिवासी दर्जाविषयीचे मार्गदर्शन. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की माणूस एकदा अनिवासी झाला की सगळ्या कायद्यांत एकाच दिवशी अनिवासी होतो. प्रत्यक्षात फेमा हा परकीय चलनाचा कायदा माणूस कोणत्या हेतूने देशाबाहेर जातो ते पाहतो आणि आयकराचा कायदा दिवस मोजतो. ग्रीन कार्ड घेऊन अनिश्चित काळासाठी जाणारी व्यक्ती फेमाच्या दृष्टीने निघाल्यापासूनच अनिवासी होते आणि तिची इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या रुपयांतील, खात्यांत बदलून घ्यावी लागतात. आयकराच्या दृष्टीने मात्र तीच व्यक्ती त्या वर्षी निवासीच राहू शकते. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस राहिले की निवासी, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीसुद्धा निवासी धरली जाते, ही दुसरी अट फारशी कोणी सांगत नाही. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला या ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची सवलत मिळते. मुलाकडे राहायला जाणाऱ्या निवृत्त माणसाला निघण्याच्या वर्षी ती मिळत नाही. म्हणजे जुलैत विमानात बसलेले जोडपे त्या संपूर्ण आर्थिक वर्षासाठी भारताचे करनिवासी राहते, आणि त्याच वर्षी अमेरिकाही त्यांच्याकडे जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागू लागते. आमच्या सल्लागाराने पासपोर्टवरचे जुन्या प्रवासांचे शिक्के बघत कागदावर महिन्यांची ओळ आखून दाखवली आणि जायचेच असेल तर मे महिना संपण्याआधी निघाल्यास काय होईल व दिवाळीनंतर निघाल्यास काय होईल, हे दोन्ही शेजारी शेजारी मांडले. मी तीसेक वर्षे बँकेत काढली आहेत. इतक्या स्वच्छ रीतीने हा मुद्दा समजावणारा माणूस मला यापूर्वी भेटला नव्हता.

कराचा फरकही त्याने आमच्याच आकड्यांवर करून दाखवला. केवळ व्याजाचे वार्षिक ९ लाख रुपये उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करमाफीमुळे काहीच कर भरावा लागत नाही. ही करमाफी अनिवासी व्यक्तीला नाही, त्यामुळे तेवढ्याच उत्पन्नावर तिला उपकरासह ३१,२०० रुपये कर येतो. ही रक्कम तशी सहन होण्यासारखी आहे. खरी अडचण आधीच होणाऱ्या कपातीची आहे. एनआरओ खात्यातील व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर अशी कपात होते, म्हणजे ९ लाखांतून २ लाख ८० हजार ८०० रुपये बँकच कापून घेते. उरलेले पैसे विवरणपत्र भरून परत मिळवायचे, आणि तोपर्यंत घरखर्च कशातून करायचा ते आपले आपण बघायचे. निवासी ज्येष्ठ नागरिक आपल्याला कर लागत नाही असे जाहीर करणारा फॉर्म भरून ही कपात थांबवू शकतो. अनिवासी झाल्यावर तो फॉर्म चालत नाही. अमेरिकेतील करनिवासाचा दाखला दिल्यास दोन्ही देशांतील कराराप्रमाणे व्याजावरची कपात १५ टक्क्यांवर येऊ शकते, हेही त्याने सांगितले, पण तो दाखला पहिल्या वर्षी वेळेत हातात पडेलच असे नसते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.२ टक्के व्याजदर आपल्यापैकी अनेकांचा आधार आहे. अनिवासी झाल्यावर त्या योजनेत नवे खाते उघडता येत नाही. पीपीएफचे चालू खाते मुदतीपर्यंत ठेवता येते, मुदत वाढवता येत नाही. थोडक्यात, आपल्या उतारवयासाठी सरकारने केलेल्या बहुतेक सोयी आपण दर्जा बदलताच मागे राहतात. एवढे कळण्यासाठीसुद्धा मी अठरा हजार आनंदाने दिले असते.

आता घराविषयीचा सल्ला. अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते की राहते घर निघण्यापूर्वीच विकावे. कराच्या अंगाने या सल्ल्यात काही चूक नाही. निवासी माणसाने ८० लाखांचे घर विकले तर घेणारा १ टक्का, म्हणजे ८० हजार रुपये, कापून आयकर खात्यात भरतो. तेच घर अनिवासी माणसाने विकले तर दीर्घकालीन नफ्यावरचा १२.५ टक्के दर, अधिभार आणि उपकर धरून प्रत्यक्षात बहुधा पूर्ण किमतीवरच कपात होते आणि ती ११ लाख ४४ हजारांपर्यंत जाते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवला तरच ती वाचते. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक लावून २० टक्के दराने कर मोजण्याचा पर्याय फक्त निवासी व्यक्तींना ठेवलेला आहे. आमचे घर जुने असल्याने हा फरक लहान नव्हता.

तरीही हा सल्ला मला मान्य नाही, आणि या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचे जे सांगायचे आहे ते हेच आहे. अहवालात जाण्याचा खर्च पै-पैसा मोजलेला होता. परत येण्याच्या खर्चाला एकही ओळ नव्हती. सत्तरीतले जोडपे परदेशी गेले की ते तिथेच राहणार, हे गृहीत धरूनच सगळे गणित केलेले होते. मांजलपूरचे आमच्या ओळखीचे एक जोडपे घर विकून, भांडीकुंडी वाटून कॅनडाला मुलीकडे गेले. थंडी सोसेना आणि दिवसभर घरात कोणी नसे, म्हणून तीन हिवाळ्यांनंतर ते परतले. मधल्या काळात त्यांच्याच सोसायटीतल्या घरांचे भाव इतके चढले होते की आलेल्या पैशात तेवढे घर परत मिळेना. आज ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. दोघांपैकी एकजण गेल्यावर मागे राहिलेल्याला परत यावेसे वाटले तर काय, मुलाची नोकरी गेली किंवा त्याला दुसऱ्या गावी जावे लागले तर काय, हे प्रश्न सल्लागाराने विचारायला हवे होते. दहा-अकरा लाखांची कपात वाचवण्यासाठी परतीचे दार लावून घेणे हा माझ्या हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे, विशेषतः ती कपात बऱ्याच अंशी परत मिळू शकते तेव्हा. घर भाड्याने द्यावे, बंद ठेवावे, लहान घर घेऊन उरलेले पैसे ठेवीत टाकावे, यातला कोणताही पर्याय निदान तक्त्यात मांडला जायला हवा होता. आमच्या आग्रहानंतर तो मांडला गेला.

दुसरी मोठी त्रुटी वैद्यकीय खर्चाची. अहवालाच्या शेवटी वीस वर्षांच्या खर्चाचा एक मोठा तक्ता होता. किराणा, फोन, प्रवास यांच्या ओळी डॉलरमध्ये होत्या. 'औषधे व वैद्यकीय' या ओळीत मात्र दरमहा १२,००० रुपये असा आकडा होता आणि पुढे दरवर्षी ६ टक्के वाढ धरलेली होती. हा आमचा बडोद्यातील खर्च होता; मीच तो सांगितला होता आणि तो जसाच्या तसा न्यू जर्सीत नेऊन ठेवला होता. मी त्या ओळीवर बोट ठेवल्यावर सल्लागार म्हणाला, "काकू, मुलाच्या कंपनीच्या विम्यात येऊन जाईल ना ते?" इथेच बहुतेक घरांची फसगत होते. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात पती, पत्नी आणि मुले येतात. आईवडील सहसा येत नाहीत.

अमेरिकेतील ज्येष्ठांचा सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. वय ६५ झाले की तो मिळतो, एवढेच आपल्याकडे ऐकून माहीत असते. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना त्यासाठी तिथे सलग पाच वर्षे राहावे लागते. त्यानंतरही रुग्णालयाचा भाग, ज्याला पार्ट ए म्हणतात, तो फुकट मिळत नाही, कारण त्यासाठी तिथे सुमारे दहा वर्षे काम करून कर भरलेला असावा लागतो आणि मुलाने भरलेला कर आईवडिलांच्या कामी येत नाही. २०२५ साली पार्ट ए विकत घेण्याचा पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांच्या खर्चाच्या पार्ट बीचा सर्वसाधारण हप्ता १८५ डॉलर होता. दोघांचे मिळून महिन्याला १,४०६ डॉलर होतात. डॉलर नव्वद रुपयांना धरला तर ही रक्कम सव्वा लाखाहून थोडी जास्तच भरते, आणि हा केवळ हप्ता आहे. औषधांचा भाग, स्वतः भरायचा वाटा, दात आणि चष्मा वेगळेच. ज्यांना पार्ट ए परवडत नाही त्यांना नुसता पार्ट बी घेता येतो, पण पात्र झाल्यावर वेळेत नाव नोंदवले नाही तर उशिराच्या प्रत्येक वर्षाला १० टक्के असा दंड हप्त्यात कायमचा चढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची उस्तवार, म्हणजे आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे, ही मेडिकेअरमध्ये येत नाही. बडोद्यात आपण त्यासाठी दिवसपाळी-रात्रपाळीची बाई ठेवू शकतो. तिकडे त्याच कामाला महिन्याला काही हजार डॉलर लागतात.

पहिल्या पाच वर्षांसाठी ग्रीन कार्डधारकाला सरकारी नियमांखाली चालणारा खाजगी विमा विकत घेता येतो. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार आहेत म्हणून तो नाकारता येत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र वयाप्रमाणे हप्ता तरुण माणसाच्या तिपटीपर्यंत आकारता येतो. नुसत्या पाहुण्याच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी जो प्रवासी विमा मिळतो, त्याची जात वेगळी आहे. त्यात आधीच्या आजारांवरचे नेहमीचे उपचार नसतात, फार तर अचानक उद्भवलेला झटका असतो, आणि सत्तरीनंतर बऱ्याच योजनांत कमाल रक्कम एकदम खाली येते. ठरावीक रकमेच्या स्वस्त योजना दिसायला बऱ्या दिसतात. त्यात खोलीभाड्याला इतके, शस्त्रक्रियेला इतके असे तुकडे ठरलेले असतात आणि बिल त्याच्या कितीतरी पट येते. ही माहितीपत्रके मी भिंग घेऊन वाचली आहेत, आणि प्रत्येकाने ती तशीच वाचावीत.

याच संदर्भात अहवालातील आणखी एक सूचना मला घातक वाटली. आमची इथली आरोग्य विमा पॉलिसी परदेशात चालत नाही, तेव्हा तिचा हप्ता बंद करावा, असे 'बचतीच्या जागा' या मथळ्याखाली लिहिले होते. पॉलिसी सलग चालू ठेवल्याने जो अधिकार साठत जातो, तो हप्ता चुकताच जातो. परत येऊन नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो, आणि साठ महिन्यांच्या सलग संरक्षणानंतर फसवणुकीखेरीज अन्य कारणाने दावा न नाकारण्याचे जे कवच मिळते, तेही नव्याने कमवावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला आहे, त्यामुळे हा हप्ता भरत राहणे पूर्वीपेक्षा थोडे हलके झाले आहे. आमच्या घरात तो शेवटपर्यंत भरला जाईल.

रुपया आणि डॉलर यांच्या नात्याविषयी तक्त्यात एकच दर वीस वर्षे धरलेला होता. ज्याची मिळकत रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये, त्याच्यासाठी हे फार धोक्याचे गृहीत आहे. २०१० च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या अखेरीस तो ९० वर पोहोचला. दरमहा ६०,००० रुपयांची ठरलेली रक्कम मिळणाऱ्या माणसाच्या हातात तेव्हा १,३३३ डॉलर पडले असते, नव्वदच्या दराने ६६७ पडतात. दरम्यान अमेरिकेतील किमती काही जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. महागाई भत्त्याची पेन्शन असेल तर थोडा तोल सावरतो. विमा कंपनीची आजन्म ठरलेली वर्षासन योजना किंवा ईपीएस असेल तर काहीच सावरत नाही. इथे ८ टक्के व्याज मिळते आणि तिकडे ४, म्हणून पैसा इथेच ठेवावा, असे सल्लागाराचे म्हणणे होते. त्या व्याजातला मोठा हिस्सा रुपयाच्या घसरणीत जातो, हे त्याने मान्य केले, पण आम्ही विचारल्यावर.

पैसे बाहेर नेण्याच्या वाटा मात्र त्याने नीट सांगितल्या. निवासी असताना माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर, शिक्षण आणि वैद्यकीय कारणे सोडल्यास, बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो नंतर करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर रक्कम अडकते. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, त्यासाठी सीएचे प्रमाणपत्र आणि ठरलेले फॉर्म लागतात.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सेवेची मर्यादा उघडी पडली. "एसआयपी चालू ठेवा", म्हणजे फंडांत दरमहा ठरलेली रक्कम गुंतवत राहा, असा सल्ला अहवालात होता. ग्रीन कार्डधारक हा अमेरिकेचा करदाता होतो आणि जगभरचे उत्पन्न त्याला तिथे दाखवावे लागते. आपल्याकडचे म्युच्युअल फंड तिथल्या कायद्यात परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्या म्हणून गणले जातात, त्यांचा हिशेब दरवर्षी वेगळ्या फॉर्मवर द्यावा लागू शकतो आणि त्यांच्या नफ्यावर जबर दराने कर व व्याज लागते. सर्व परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची माहितीही तिथल्या सरकारला कळवावी लागते. बडोद्यातील मुदत ठेवी त्यात धरल्या जातात. न कळवल्यास दंड मोठा असतो. पीपीएफचे करमुक्त व्याजही तिथे करमुक्त नाही. सल्लागाराला अमेरिकेच्या कायद्याची एवढी माहिती नव्हती, आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढेच की अहवालात 'अमेरिकी करासाठी तिथल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा' हे वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते आणि त्याच्या आधीच्या पानावर एसआयपी चालू ठेवण्याचा सल्ला ठळक अक्षरांत.

इतर देशांची माहिती परिशिष्टात होती आणि ती बरी होती. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खाजगी आरोग्य विमा काढावा लागतो आणि सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. तिथले वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन निदान दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य झाल्याखेरीज सुरू होत नाही. ऑस्ट्रेलियात पैसे भरून मिळणाऱ्या पालक व्हिसाचा दुसरा हप्ता माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पंचवीस लाख रुपयांहून जास्तच आहे, आणि तरीही रांग दहा वर्षांहून लांब आहे. थायलंड किंवा दुबईसारख्या ठिकाणी मुलांशिवाय, केवळ निवांतपणासाठी जाणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिथला निवृत्तीचा व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो आणि पैशाची अट नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तपासली जाते.

मुलाच्या घरात आपले पैसे घालण्याविषयी अहवालात 'कौटुंबिक गुंतवणूक' असा शब्दप्रयोग होता. आमच्या ठेवींतले चाळीस लाख मुलाच्या नव्या घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी द्यावेत, म्हणजे त्याचे कर्ज कमी होईल आणि आमचे भाडे वाचेल, अशी मांडणी होती. मुलगा आमचाच आहे, त्याला द्यायला आम्हाला काही वाटत नाही. पण ते देणे आहे, गुंतवणूक नव्हे. घराच्या कागदावर आमचे नाव नसेल तर त्यातला एक डॉलरही आम्हाला मागता येणार नाही. ग्रीन कार्डासाठी मुलगा आईवडिलांच्या पोषणाची जी कायदेशीर हमी देतो, ती त्याच्या उत्पन्नाच्या भरवशावर असते, आणि उत्पन्न कोणाचेही थांबू शकते. सत्तरीनंतर स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने काढता येतील असे पैसे असणे हे मला कोणत्याही देशाच्या व्हिसाहून मोलाचे वाटते. सूनबाईला मी हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, माझ्या आईलाही मी हेच सांगते." तिच्या उत्तराने मला फार समाधान वाटले.

कार्यालय प्रामाणिक आहे, हे मी आवर्जून सांगेन. विमा योजना सुचवताना त्यावर कमिशन मिळते का, असे विचारल्यावर त्यांनी लगेच होकार दिला आणि किती ते सांगितले. जो सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदलेला असतो, त्याला ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घेतली त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही. हे कार्यालय तसे नोंदलेले नाही, कर आणि फेमा हा त्यांचा विषय आहे. म्हणून गुंतवणुकीचा भाग त्यांच्याकडून घेऊ नये आणि कराचा भाग निर्धास्तपणे घ्यावा. आमच्या हरकतींनंतर त्यांनी तक्ता कोणतेही जादा पैसे न घेता नव्याने करून दिला. त्यात डॉलरचा दर दरवर्षी ३ टक्क्यांनी चढता धरला, वैद्यकीय ओळ डॉलरमध्ये केली आणि घर न विकण्याचा पर्याय जोडला. त्या नव्या तक्त्यात आमचे पैसे बाराव्या वर्षी संपत होते. पहिल्या तक्त्यात ते विसाव्या वर्षीही शिल्लक होते. तो आकडा बघून आम्ही ग्रीन कार्डाचा अर्ज तूर्त थांबवला आहे. पाहुण्याच्या व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते, तेवढे उन्हाळ्यात जाऊन येऊ आणि निवासी दर्जा, पेन्शन, पॉलिसी, घर सगळे इथेच राहू देऊ.

ही सेवा घ्यावी का, तर ज्यांचे जाणे जवळजवळ ठरलेले आहे आणि ज्यांची इथे घर, ठेवी आणि पेन्शन अशी तिहेरी मिळकत आहे, त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांचा अजून विचारच चालला आहे त्यांनी आधी मुलाला तिथल्या विम्याचे लेखी दर विचारून घ्यावेत आणि मगच इथली फी भरावी. जाताना मागच्या पाच वर्षांच्या सर्व प्रवासांच्या तारखा, आरोग्य पॉलिसीची मूळ प्रत आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. मुखत्यारपत्र करायचे असेल तर ते इथूनच नोंदवून जावे, कारण तिकडून केलेले वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यावर पुन्हा मुद्रांकित करावे लागते. जानेवारी ते मार्च आणि विवरणपत्रांचा जुलै हे महिने टाळावेत, त्या दिवसांत तिथे निवांत बोलायला कोणाला वेळ नसतो. नवरात्र संपल्यावर दिवाळीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे.